आमचं एक्सआरडी बदलायचं ठरलं तेव्हा

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या नव्या एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटरची, म्हणजे एक्सआरडीची, पर्चेस ऑर्डर निघाली. मशीन अजून आलेलं नाही, त्यामुळे दाखवायला फोटो नाहीत. पण ऑर्डर निघेपर्यंत काय काय करावं लागतं, याबद्दल मला त्या वेळी मराठीत काही वाचायला मिळालं नव्हतं. नारळ फोडतानाच्या बातम्या मिळतात, त्याआधीचं कुणी लिहीत नाही. एखाद्या कॉलेजात कुणाच्या तरी टेबलावर अशीच फाइल येऊन पडली असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमचं कॉलेज सांगलीत. तिथं एक सामाईक उपकरण केंद्र आहे आणि त्यातल्या एक्सआरडीची जबाबदारी माझ्याकडे. ज्यांना हे मशीन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पावडर केलेला नमुना ठेवायचा, त्यावर तांब्याच्या ट्यूबमधले एक्स-रे सोडायचे आणि कुठल्या कोनात किती किरण परत येतात ते मोजत जायचं. त्याचा आलेख काढला की ठरावीक कोनांवर सुळके दिसतात, त्यांना आम्ही पीक म्हणतो, आणि खालच्या नुसत्या गोंगाटाला बॅकग्राउंड. स्फटिकातल्या थरांमधलं अंतर आणि तो कोन यांचं नातं लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये मांडलं. सगळा खेळ त्यावर चालतो. नमुन्यात कुठली मूलद्रव्यं आहेत यापेक्षा ती कुठल्या स्फटिकरूपात आहेत, हे यातून कळतं.

आमच्या जुन्या मशीनला एकच मोजणारा डोळा होता, सिंटिलेशन काउंटर. दहा ते ऐंशी अंश, ०.०२ अंशाची पायरी, पायरीला एक सेकंद, म्हणजे ३,५०० पायऱ्या आणि अठ्ठावन्न मिनिटं. हा झाला एक नमुना. वीज गेली नाही आणि चिलरनं, म्हणजे ट्यूब थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या यंत्रानं, दगा दिला नाही तर दिवसाला सात-आठ. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीएचडीवाल्यांचा हंगाम सुरू झाला की रांग तीन आठवड्यांवर जायची.

जानेवारी २०२४ मध्ये कंपनीचं पत्र आलं की या मॉडेलचे सुटे भाग आता मिळणार नाहीत. प्राचार्यांनी फाइल माझ्याकडे दिली आणि सांगितलं, "सगळ्या युजरना विचारून ठरवा. नंतर कुणी म्हणायला नको, आम्हाला विचारलं नाही."

पहिली बैठक मार्चमध्ये झाली. फिजिक्स, केमिस्ट्री, सिव्हिल आणि बाहेरचेही काही जण आले. मी विचारलं, "नव्या मशीनमध्ये काय काय हवं?" तासाभरात फळा भरला. बाराशे अंशांपर्यंत तापवणारी भट्टी, पातळ थरांसाठी वेगळी प्रकाशिकी, आपोआप नमुने बदलणारा चेंजर, लहान कोनांतलं स्कॅटरिंग (किरणांचं विखुरणं) मोजायची सोय, बॅटरी चालू असताना मोजायचा सेल. कुणीतरी माहितीपत्रकं छापूनच आणली होती. फळ्यावरच्या सगळ्याची अंदाजे बेरीज आमच्या हाती लागू शकणाऱ्या रकमेच्या दुपटीहून जास्त होती. त्यानंतर पाठवलेल्या फॉर्मवरही तेच झालं, सगळ्यांनी सगळ्या चौकोनांत टिक केली. फुकट मिळत असेल तर भट्टी कुणाला नको?

खरी माहिती निघाली ती नमुन्यांच्या रजिस्टरमधून. आमचे लॅबमधले मामा हे रजिस्टर वर्षानुवर्षं लिहीत आलेत. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात 'पुन्हा करणे', 'पीक नाही', 'बॅकग्राउंड फार', 'नमुना कमी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि मामा मागच्या तीन वर्षांच्या नोंदी घेऊन बसलो. कुणाचा नमुना कितीदा परत येतो हे मामांना रजिस्टर न बघताच माहीत होतं. "हे लोखंडवाले बघा मॅडम, दरवेळी तेच," असं म्हणत ते पान उलटायचे. बैठकीत भट्टीची मागणी मुळात दोघांनी केली होती. त्या दोघांपैकी एकाचा वर्षभरात एकही नमुना आलेला नव्हता.

मग मी प्रश्न बदलला. काय हवं हे विचारायचं सोडून, "कुठला नमुना तुम्ही आमच्याकडे आणायचं बंद केलंत?" असं एकेकाला त्याच्या जागी जाऊन विचारायला लागले. कुणाला नव्या मशीनची योजना करायची असेल, तर माझ्या मते एवढा एक प्रश्न पुरेसा आहे. बैठकीत लोक स्वप्नं सांगतात, आपल्या टेबलापाशी बसले की अडचणी सांगतात.

लोखंडवाल्यांची अडचण अशी. तांब्याच्या ट्यूबमधल्या किरणांची ऊर्जा ८.०४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. लोखंडाच्या अणूला चेतवायला ७.११ पुरते. म्हणजे नमुन्यात लोखंड असलं की तो स्वतःच एक्स-रे सोडायला लागतो आणि त्या गोंधळात खरी पीकं बुडतात. फेराइटवर, म्हणजे लोखंड असलेल्या चुंबकीय ऑक्साइडवर, काम करणारी मुलं, कुपवाड एमआयडीसीतून ओतकामाचे तुकडे पाठवणारे फाउंड्रीवाले, काळ्या मातीवाले, सगळ्यांना एकाच दुखण्यानं गाठलेलं. फाउंड्रीतल्या साहेबांनी तर स्पष्ट सांगितलं, "मॅडम, मशीन कुठलं बी घ्या. आम्हाला ऑस्टेनाइट किती टक्के राहिलं ते दोन दिवसांत सांगा. उष्णता प्रक्रियेची बॅच आठवडाभर थांबत नसती." ऑस्टेनाइट म्हणजे लोखंडाचं एक स्फटिकरूप.

यावर सरळ उपाय म्हणजे कोबाल्टची ट्यूब. तिची ऊर्जा ६.९३, लोखंड चेततच नाही. लोखंडवाले खूश. पण पातळ थरांवर काम करणाऱ्यांनी हे ऐकलं आणि वाद पेटला. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. दहा-बारा वर्षांचा त्यांचा सगळा डेटा तांब्याच्या तरंगलांबीवर, १.५४ अँगस्ट्रॉमवर (अणूंच्या मापाचं एकक). कोबाल्टची १.७९. प्रत्येक पीक वेगळ्या कोनावर जाणार. आकडेमोड करून जुळवता येतं, पण प्रबंधात दोन आलेख शेजारी ठेवले की परीक्षक विचारणारच. जुलैमधली ती बैठक लग्नाच्या याद्या करायला बसल्यासारखी झाली, दोन्ही पक्ष चहा घेईनात.

तोडगा डिटेक्टरमध्ये निघाला. आताचे सिलिकॉन स्ट्रिप डिटेक्टर एकाच वेळी शंभराहून जास्त पट्ट्यांनी मोजतात, त्यामुळे तासाचं काम काही मिनिटांत होतं. आणि त्यातले काही ऊर्जेनुसार किरण वेगळे करू शकतात, म्हणजे लोखंडाची ६.४ ची चमक बाजूला काढून तांब्याचे ८.०४ तेवढे मोजायचे. ट्यूब तांब्याचीच ठेवायची, डिटेक्टर असा घ्यायचा. कागदावर हे सुंदर दिसतं. प्रत्यक्षात कुठल्या कंपनीचा डिटेक्टर किती साफ करतो हे माहितीपत्रकावरून कळत नाही, म्हणून आम्ही एकाच फेराइटच्या बाटलीतले भाग करून सगळ्या इच्छुक पुरवठादारांना पाठवले. सोबत एकाच ढिगातली माती आणि एकाच काचेवरच्या थराचे तुकडे. अट एवढीच: किती वेळ मोजलं ते लिहा आणि कच्ची फाइल द्या, रंगीत आलेख नको. एकीकडून फक्त रंगीत आलेखच आला. त्यावरूनही काय ते समजलं.

मातीची गोष्ट वेगळी. सिव्हिलचे सर कृष्णाकाठच्या काळ्या मातीवर काम करतात, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, घरांच्या भिंतींना तडे जातात. हे करणारं खनिज स्मेक्टाइट गटातलं. त्याचं मुख्य पीक तांब्याच्या किरणांत सहा अंशांच्या आसपास येतं, आणि मातीला इथिलीन ग्लायकॉलची वाफ दिली की थर फुगून सतरा अँगस्ट्रॉमपर्यंत जातात, पीक पाच अंशांकडे सरकतं. तसं सरकलं तर स्मेक्टाइट नक्की. आमच्या जुन्या मशीनवर पाच अंशांखाली थेट किरणांचाच लोंढा यायचा, म्हणून सर पुण्याला जायला लागले होते. रजिस्टरमधून त्यांचं नाव कधी गायब झालं हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांच्यासाठी स्पेसिफिकेशनमध्ये एक ओळ वाढली: कोनानुसार बदलणारी स्लिट, म्हणजे किरणांची फट, आणि नमुन्यावर हवेतलं स्कॅटरिंग अडवणारी पाती.

मिरजेच्या डॉक्टरांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तिथून मूतखडे तपासायला यायचे. कॅल्शियम ऑक्सलेटचे दोन प्रकार असतात, एकात पाण्याचा एक रेणू, दुसऱ्यात दोन. पहिल्याचं ठळक पीक १४.९ अंशांवर, दुसऱ्याचं १४.३. पहिला कठीण, फोडायला त्रासाचा. म्हणून डॉक्टरांना प्रकार हवा असतो. त्यांनी येणं का थांबवलं? "खडा बाजरीच्या दाण्याएवढा असतो, आणि तुमचे मामा म्हणतात चमचाभर पावडर आणा." यावर कोटीचं मशीन लागत नाही. विशिष्ट कापाचा सिलिकॉनचा नमुना-धारक लागतो, ज्याला स्वतःचं पीक नसतं. वीस मिलिग्रॅम पावडर त्यावर पसरली तरी चालते. तो आम्ही खर्चाच्या किरकोळ हेडमधून लगेच मागवला, आणि जुन्याच मशीनवर मिरजेचे नमुने पुन्हा सुरू झाले. रुग्णाचं नाव मात्र आमच्याकडे येऊ द्यायचं नाही, फक्त क्रमांक, हे तेव्हाच ठरवून घेतलं.

काहींना नाही म्हणावं लागलं. सांगलीची हळद, तिला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं. मार्केट यार्डातले एक व्यापारी आले: हळदीत शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, मिसळला आहे का हे या मशीनवर कळेल का? एक्सआरडीला साधारण टक्क्याच्या आसपास माल असला तर दिसतो. शिशाची चिंता असते ती दशलक्षात काही भागांची. त्यासाठी मूलद्रव्यं मोजणारं एक्स-रे फ्लुओरेसन्सचं मशीन किंवा रासायनिक तपासणी हवी. "दोन्ही एकत्रच घेऊ की," असं समितीत कुणीतरी म्हणालंच. दोन मशिनं म्हणजे दोन देखभाल करार आणि दोन प्रशिक्षित माणसं, हे सांगितल्यावर विषय संपला. व्यापाऱ्यांना मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत जायला सांगितलं.

ऑगस्टमध्ये जागेचा विषय आला, आणि सांगलीत ऑगस्टमध्ये जागेचा विषय म्हणजे पाण्याचा विषय. जड, थरथर न सहन होणारं मशीन सगळीकडे तळमजल्यावर ठेवतात. आमचंही तिथंच होतं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. २०२१ ला पुन्हा शहरात पाणी. दोन्ही वेळा आमच्या आवारापर्यंत आलं नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानांत आलं. समितीतल्या एका सरांना हा बाऊ वाटत होता. मी पुरवठादारांकडून वजन मागवलं, पाऊण टनाच्या आसपास, वर चिलर आणि यूपीएस. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पहिल्या मजल्याच्या स्लॅबचा दाखला घेतला, त्याला दीड महिना आणि बावीस हजार रुपये लागले. बीमच्या रेषेवर ठेवलं तर चालतं असं लेखी मिळालं. मशीन जिन्यानं जाणार नाही, खिडकीची चौकट काढून क्रेननं चढवावं लागणार. तो खर्च टेंडरमध्येच 'जागेवर बसवून देणे' यात धरला. तुमच्याकडे पूर येत नसला तरी दार, जिना आणि लिफ्ट यांची मापं आधीच घेऊन ठेवा.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली आणि आमच्या संस्थेत फाइल हलेना. निकाल २३ नोव्हेंबरला. तोवर स्पेसिफिकेशन लिहायचं काम केलं. इथं एक धोका आहे: एखाद्या कंपनीचं पत्रक समोर ठेवून लिहिलं की आकडे तिलाच बसतात, बाकीचे हरकत घेतात आणि टेंडर रद्द होतं. आम्ही प्रत्येक ओळीसमोर नमुना लिहिला. 'डिटेक्टर अमुक पट्ट्यांचा' असं न लिहिता 'संस्थेनं दिलेल्या फेराइटच्या नमुन्यात मुख्य पीक व बॅकग्राउंड यांचं गुणोत्तर किमान एवढं, वीस मिनिटांत' असं. ऑडिटला हे नवीन होतं, त्यांनी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी अकाउंट्सच्या ताईंनी स्वतः शेजारी बसून भाषा सरळ करून दिली.

पैशाचं सांगते. मंजूर झालेली किंमत एक कोटी आठ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १९ लाख ४४ हजार. आमच्या जुन्या प्रस्तावात करापोटी पाचच टक्के धरले होते, कारण संशोधन संस्थांना तशी सवलत होती. ती जुलै २०२२ मध्ये गेली. कपाटातला जुना प्रस्ताव तारीख बदलून पुन्हा पाठवणार असाल तर ही ओळ आधी बघा. कोटीमागे तेरा लाखांचा फरक पडतो आणि मंजुरीनंतर तो कुणी भरून देत नाही. निम्म्याहून जास्त रक्कम केंद्राच्या एका योजनेतून, उरलेली संस्थेची. यूपीएस, वेगळं अर्थिंग, एसी आणि वायरिंग यांसाठी साडेआठ लाख वेगळे धरले. चिलरमध्ये बोअरचं पाणी अजिबात नको, आमच्याकडच्या पाण्यानं नळ्यांत पांढरा थर बसतो. बंद चक्रात डिस्टिल्ड पाणी. वॉरंटीनंतरच्या पाच वर्षांचा देखभाल दर टेंडरमध्येच बांधून घेतला आणि किमतींची तुलना तो मिळवून केली. मशीन आल्यावर हा दर विचारायला गेलात तर घासाघीस करायला तुमच्याकडे काही उरत नाही. सॉफ्टवेअरबद्दलही एक अट घाला: डेटा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता आला पाहिजे. पीकं जुळवायच्या डेटाबेसचा परवाना कायमचा की दरवर्षीचा, तेही विचारा. क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस फुकट आहे, पण काही विद्यार्थ्यांना विकतच्या डेटाबेसमधल्या जुन्या कार्ड क्रमांकांची सवय असते.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कागदांची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. तेवढं अवघड नाही. सगळं त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर होतं. संशोधनासाठीच्या अशा एक्स-रे उपकरणाला २००४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. संस्थेची माहिती जुन्या मशीनच्या वेळी भरलेली होती, पण त्यात प्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या सरांचं नाव आणि त्यांचाच मोबाइल. ओटीपी त्यांना जायचा. ते आता मुलाकडे असतात, त्यांना फोन करून आकडे विचारत बदल करून घेतला. पुरवठादाराच्या मॉडेलला मंडळाची मान्यता आहे का, हे टेंडरमध्येच मागा. जुनं मशीन काढताना त्याचीही नोंद करावी लागते. बंद मशीनमधून काही किरण येत नाहीत, ते वीज असेपर्यंतच असतात; पण ट्यूबची खिडकी बेरिलियमची असते आणि त्याची धूळ विषारी. भंगारवाल्याला ट्यूब देऊ नका. नव्या पुरवठादारानं ती परत न्यायची, असं आम्ही करारात लिहिलं.

मग प्रश्न उरला मधल्या काळाचा. जुनं काढून नवं सुरू होईपर्यंत चार महिने तरी केंद्र बंद. मोठ्या ठिकाणी हे कसं करतात म्हणून मी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या युरोपीय सिंक्रोट्रॉनचं वाचलं. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून फार प्रखर एक्स-रे देणारं अवाढव्य यंत्र. त्यांनी ८४४ मीटर घेराचं साठवण-कडं काढून त्याच बोगद्यात नवं बसवलं. डिसेंबर २०१८ मध्ये किरण बंद केले आणि ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा युजर घेतले, मधे कोविड येऊनही. तारीख काही वर्षं आधी जाहीर होती, म्हणून जगभरच्या लोकांना आपापले प्रयोग हलवता आले. आम्ही आमच्या मापानं तेच केलं. कुणाचा प्रबंध कधी जमा व्हायचा आहे ते विचारून बंदचा काळ मे ते ऑगस्ट ठरवला आणि सहा महिने आधी नोटीस लावली. कोल्हापूर आणि पुण्यातल्या केंद्रांशी बोलून एकत्र गठ्ठ्यानं नमुने पाठवायची सोय केली. एका विद्यार्थिनीचं काम मुळातच आमच्या मशीनचं नव्हतं. तिला इंदूरच्या इंडस-२ वर, म्हणजे आपल्या देशातल्या सिंक्रोट्रॉनवर, अर्ज करायला सांगितलं. अर्ज लिहायला आम्ही मदत केली, बघू.

बंद करण्याआधी आता एक काम चालू आहे. सिलिकॉनचा प्रमाण नमुना आणि प्रत्येक गटाचा एकेक नेहमीचा नमुना जुन्या मशीनवर नीट मोजून, बाटल्या सीलबंद करून कपाटात ठेवतोय. नव्या मशीनवर पहिल्या आठवड्यात हेच नमुने लावायचे. पातळ थरवाल्यांनी कोबाल्टच्या भांडणात मागितलेली ही एकच गोष्ट होती.

दर मात्र अजून ठरलेला नाही. आतल्या विद्यार्थ्यांना दीडशे रुपये आणि बाहेरच्यांना पाचशे, हा जुना दर तासाच्या हिशेबानं होता. आता नमुना काही मिनिटांत होणार, मग तेवढे का घ्यायचे, असं विद्यार्थी विचारतात. देखभालीचा करार मिनिटांवर चालत नाही, असं अकाउंट्स म्हणतं. फाउंड्रीवाले म्हणतात, हजार घ्या पण रांगेत पुढं घ्या, आणि त्याला मिरजेचे डॉक्टर तयार नाहीत. पुढच्या मंगळवारी बैठक आहे, चार वाजता.